सिस्टरचा सत्कार

इकडे गुजराती मुलखात, लिंबायतला आमच्या गल्लीत आजही कुणी सत्काराचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, मावशीचा स्वभावच तिखट. असू दे. त्या दिवशी मांडवात बसला असता तर तुमचाही झाला असता.

आमच्या शहरात प्लेग आला होता, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आणि मी एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात आया. बाळंतिणींची धुणी, फरशी, सगळं माझ्याकडे. तिथली सिस्टर व्यारा बाजूची, गुजराती बोलणारी, पण आमच्या खानदेशी बायकांमुळे थोडी अहिराणी शिकलेली. कळांनी तळमळणाऱ्या बाईच्या कपाळावर हात ठेवून "काय व्हयनं माय?" म्हणायची. घटकाभरापूर्वी अख्ख्या सासरला शिव्या घालणारी बाई तेवढ्यानं निम्मी शांत व्हायची. सिस्टरची नोकरी मात्र पक्की नव्हती. ट्रस्टच्या शेठच्या मर्जीवर ती वर्षावर्षानं पुढं सरकायची. शेठ अधूनमधून यायचे, भिंतीवरचे नियम जागेवर आहेत ना बघायचे आणि जायचे.

नियम तरी काय एकेक! आधी नाव नोंदवून कार्ड काढलं नसेल तर दाखल करायचं नाही. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी. पुरुषांना संध्याकाळशिवाय आत सोडायचं नाही. आता रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी येणार कसा, कपाळ? सिस्टर त्याला सकाळी मागच्या दारानं घ्यायची आणि पोराचं तोंड दाखवायची. बिनकार्डाची बाई दारात आली तर आधी आत घ्यायची, कार्डाचं मग बघायची. माझं म्हणाल तर आमच्या गल्लीत नळ उशिरा यायचा आणि पाणी भरल्याशिवाय मला निघता येत नसे. मी पोचेपर्यंत सिस्टरनं स्वतः फरशी पुसायला घेतलेली असायची. मी फडकं ओढून घेतलं की म्हणायची, "जा, आधी चहा पी." आयाचं काम करणारी सिस्टर मी तरी दुसरी पाहिली नाही.

हे सगळं चालत होतं, कारण ते कुणी बोलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आमच्या गणेश मंडळाला उमाळा आला. अध्यक्ष म्हणाले, यंदा गणपतीत सिस्टरचा सत्कार करायचा. इथवर ठीक होतं. पण सत्कार म्हटला की प्रमुख पाहुणा पाहिजे, आणि यांनी बोलावलं कुणाला, तर शेठना. सिस्टरनं हात जोडले. "रेवा दो ने," म्हणाली, राहू द्या ना. लोकांना वाटलं, बाई लाजतेय. मी अध्यक्षांना म्हटलं, निदान शेठना तरी नका बोलावू. ते म्हणाले, "वहिनी, शेठले बी कळू द्या, आपली सिस्टर कशी शे ते."

कळलं. चांगलंच कळलं.

मांडव खचाखच भरला होता. सिस्टरला खुर्चीत बसवून अंगावर जाड शाल घातली. भाद्रपदातला तो उकाडा, तिच्या कानामागून घाम ओघळत होता, पण शाल काढ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शेजारी शेठ, हसतमुख. अध्यक्षांनी माइक घेतला आणि सुरुवातच केली, "आमची सिस्टर कार्डबिर्ड काही बघत नाही. बाई आली की आत!" टाळ्या. मग कडेवर पोर घेऊन एकजण आली. म्हणाली, मला तिसरी मुलगी झाली, सासू न्यायला येईना, तर सिस्टरनं ताप आहे सांगून मला आठवडाभर ठेवून घेतलं. पुन्हा टाळ्या. रात्रपाळीच्या एका लूम कारागिरानं मागच्या दाराची हकीकत सांगितली. कुणी सांगितलं, ट्रस्टच्या जुन्या चादरी फाडून सिस्टर आमच्या पोरांना दुपटी देते. तिथं शेठचं हसू थांबलं. शेवटी एकीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "ही मावशी रोज उशिरा जाते, हिची फरशी सिस्टर पुसते, पण कधी वाकडा शब्द नाही!" सगळा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर पायाच्या बोटांकडे बघत बसली होती.

एकानंही खोटं सांगितलं नाही हो. जीव तोडून, डोळ्यांत पाणी आणून सगळे खरं तेच बोलत होते. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. शेठनी पण भाषण केलं. अशी दयाळू बाई आमच्याकडे आहे याचा अभिमान वाटतो, म्हणाले. स्वतःच्या हातानं हार घातला.

विसर्जनाच्या आधीच सिस्टरची लांब सचिन गावाला बदली झाली. ट्रस्टच्या गोदामात, चादरी आणि कापूस सांभाळायला. तिथं ना पेशंट, ना बाळ. जिच्या हातात माया होती तिला कपाटाच्या चाव्या दिल्या. मला काढून टाकणार होते. सिस्टरनं शेठना सांगितलं, उशिरा यायची परवानगी मीच दिली होती, तिला काही बोलू नका. निघताना पायरीवर माझा हात धरून एवढंच म्हणाली, "हवे टाइमसर आवजे, बेन." आता वेळेवर येत जा. मी तिथंच गळा काढून रडले.

आणि गल्लीत काय चाललं होतं? पेढे वाटत होते. लोकांना वाटलं, सत्कार झाला म्हणून सिस्टरला बढती मिळाली. मी घरोघर जाऊन खरं सांगितलं, तर म्हणाले, मावशी, तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही.

नवी सिस्टर आली ती नियमावर बोट ठेवून. काही महिन्यांनी अध्यक्षांची सून गावाहून बाळंतपणाला आली. कार्ड नव्हतं. दारातूनच परत पाठवली. मोठ्या दवाखान्याकडे नेताना गरनाळ्याखाली, रेल्वेच्या पुलाच्या त्या अंधारात, रिक्षातच मोकळी झाली. पोर वाचलं. सून मात्र कितीतरी दिवस अंथरुणातून उठली नाही.

अध्यक्ष तणतणत माझ्याकडे आले. "वहिनी, ही कसली सिस्टर? हिच्यात माया म्हणून नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मग हिचाही सत्कार करा."

ते विचारात पडले. मान हलवत म्हणाले, "खरं आहे तुमचं. मान दिला की माणूस नरम पडतो. येत्या गणपतीत बघू."