साठ मेंढ्यांचं उत्पन्न

पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती, तरी औरंगाबादच्या बाजारात निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कलदार दोन्ही चालायचे. सात हालीचे सहा कलदार. पिशोरकडं मेंढरं राखणाऱ्या माझ्या वडिलांनी या कटकटीतून स्वतःची सुटका करून घेतली होती. ते सगळं मेंढ्यांत मोजायचे. माझी वर्षाची कॉलेजची फी आणि खानावळ म्हणजे सहा मेंढ्या.

शिष्यवृत्ती मिळाली नाही तर त्या सहा विकाव्या लागणार होत्या. अर्जात वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाचा रकाना होता. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "उत्पन्न बिन्न मला काय ठावं? साठ मेंढ्या हायेत, तेवढं लिव्ह." मी तसंच लिहिलं.

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. मधल्यानं तो रकाना मोठ्यानं वाचला आणि तिघंही खो खो हसले.

"हे काय उत्पन्न झालं? रुपयांत लिही."

माझं डोकं सणकलं. दार उघडं होतं आणि वडील बाहेर व्हरांड्यात बसले होते. इतिहास माझा विषय, रोमचा धडा नुकताच झालेला. मी म्हणालो, "साहेब, रोमन लोकसुद्धा आधी दंड मेंढ्या-बैलांत घ्यायचे. नाणी मागून आली. मग त्यांच्या बादशहांनी चांदीत तांबं मिसळायला सुरुवात केली. नाण्याचं नाव तेच ठेवायचे, पण शेवटी चांदीचा नुसता मुलामा राहिला. मेंढीत कोण काय मिसळणार?"

"आम्हाला शिकवायला आलास?"

"नाही साहेब. हाली लिहू की कलदार, आणि भाव कुठल्या बाजाराचा धरू, तेवढं सांगा."

त्यांचं हसू आटलं. मधल्यानं पेन माझ्यापुढं सरकवलं. "खोड ते, आणि अंदाजे काहीतरी आकडा टाक. एवढ्यावर भागेल."

खरंच एवढ्यावर भागलं असतं. मनानं ठोकून दिलेला आकडा त्यांनी निमूट मान्य केला असता, आणि खरी गोष्ट मात्र त्यांना हसण्यासारखी वाटत होती. याचाच मला संताप आला. मी पेनला हात लावला नाही.

शिष्यवृत्ती गेली. पुढच्या बाजारात वडिलांनी सहा मेंढ्या विकल्या, त्यातल्या दोन गाभण होत्या. परत येताना मला राहवलं नाही, वडिलांना म्हणालो, "दादा, आकडा टाकला असता तर वाचल्या असत्या."

"त्या दिशी म्या समदं ऐकलं व्हतं," ते म्हणाले. "साहेब खोड म्हणला, तवा माझा जीव लई खालीवर झाला. आता गेल्या त्या सहाच गेल्या. तू खोडलं असतंस, तर साठच्या साठ गेल्या असत्या."