साडेतीन शेरांची नात

वसई फाट्यावर उतरले तेव्हा पाठीचा कणा जागेवर आहे की बसमध्येच राहिला, हे कळेना. सांगलीपासून रात्रभर बसून आलेली, त्यात खिडकीची काच अर्धीच लागणारी. पण येणं भाग होतं. माझी लेक शुभा दिवस भरण्याआधीच सासरी बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहून गेलं, याचा मला चटका लागलेला. आता तिला आणि नातीला घेऊनच परतायचं, असं मी घरी सांगून निघाले होते.

"गास? अंदर जाना पडेल मावशी, जास्त लागेल," शुभाच्या सासरचं गाव सांगताच रिक्षावाला म्हणाला.

"लागू दे बाबा, पण खड्डे चुकव."

त्याने एकही चुकवला नाही. नालासोपाऱ्याच्या इमारती संपता संपेनात, आणि मग एकदम केळीच्या बागा, विहिरी, कापणी झालेली भातशेतं. आमच्या ज्वारीच्या रानासारखं मोकळं नाही, पण डोळ्यांना बरं वाटलं.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. "दमल्या असाल. पयलं पानी घ्या." जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. भाकरी मऊसूत, पण ज्वारीवर पोसलेल्या पोटाला ती कुठे गेली ते कळत नाही. मग नात बघितली. एवढीशी! डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन वाढत राहिलं तर बुधवारी प्रवासाला परवानगी देऊ, घटलं तर लगेच आणा, पुन्हा काचेच्या पेटीत ठेवावं लागेल.

दवाखान्यात वजन दर बुधवारी व्हायचं, तोवर धीर धरवत नाही म्हणून विहीणबाई दर रविवारी घरीच वजन करत. भाजी तोलायच्या मोठ्या तराजूत एकीकडे दुपट्यात गुंडाळलेली नात, दुसरीकडे तसंच दुपटं आणि त्यावर धान्य. पारडी समान झाली की ते धान्य शेरानं (धान्य मोजायचं पितळी माप) मोजायचं. "ते ग्राम मना कलत नाय, शेर कलतो," त्या म्हणाल्या. मागच्या रविवारी नात साडेतीन शेर भरली होती.

या रविवारी त्या केळी घेऊन सोपाऱ्याच्या बाजारात गेल्या होत्या आणि जावई कामावर. शुभा सारखी अस्वस्थ, म्हणून मीच तराजू काढला. स्वयंपाकघरातल्या डब्यातले तांदूळ घातले, पारडी जुळली, मोजले. पावणेतीन शेर.

पुन्हा मोजले. पावणेतीनच.

"आई, घटली गं!" शुभा ओरडली. मी शेजाऱ्यांना रिक्षा आणायला पिटाळलं आणि पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात विहीणबाई रिकामी टोपली घेऊन आत आल्या. माझा तोल गेलाच. "तुमच्या घरात माझी पोर वाळली, आता नातही वाळायला लागली!" नाही नाही ते बोलले.

त्यांचं लक्ष तराजूकडे गेलं. "कशानं मोजलात?"

"तांदळानं. आणखी कशानं मोजणार?"

"मी भातानं मोजलेली, विहीनबाय."

भात म्हणजे टरफलासकटचं. ते फुगीर आणि हलकं, तेवढ्याच वजनाचे तांदूळ मोजले तर शेर कमीच भरणार. एवढं मलाही समजलं. पण किती कमी? शुभानं मोबाइलवर हिशेब शोधला, तर दोन ठिकाणी दोन आकडे. "मग भातच आणा की!" मी म्हटलं. तर घरातलं सगळं भात कालच गिरणीत गेलेलं.

विहीणबाई शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि एक मुडा (पेंढ्यात गच्च आवळून बांधलेलं बियाणं) खाली घेऊन आल्या. मी शेतकऱ्याच्याच घरची. पेरणीआधी बियाण्याला कोणी हात लावत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

"अहो, बी आहे ते! नका सोडू."

"बी परत बांधता येल," त्या म्हणाल्या आणि विळ्यानं दोरी कापली.

नात पुन्हा पारड्यात. पलीकडे भात. मग एक शेर, दोन, तीन, आणि वर पाऊण. पावणेचार! पाव शेर वाढली होती. विहीणबाई तिथंच सांडलेल्या भातात बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "मी पन रोज राती उठून तिचा श्वास बगते," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरला. दारात रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला शुभानं परत पाठवलं.

संध्याकाळी आम्ही दोघींनी मुडा पुन्हा बांधला. त्या पायानं दाबत होत्या, मी दोरी ओढत होते. दोघींचेही खांदे भरून आले.

बुधवारी डॉक्टरांनी काटा बघितला, वजन वाढलंय म्हणाले, प्रवासालाही हरकत नाही म्हणाले. शुभानं घरी येऊन बॅग भरायला कपडे काढले. मी ते पुन्हा कपाटात ठेवले. "आई, काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही. एवढी धडधाकट मी, तर बसनं माझी हाडं खिळखिळी केली. हिचे हाल कशाला? अंग धरू दे, मग बघू."

परतीची बसही तसलीच निघाली. सकाळी आमच्या स्टँडवर उतरले, तर शेजारच्या काकू दुधाची किटली घेऊन समोरच. माझ्या मागंपुढं बघून त्यांनी विचारलं, "हे काय? एकटीच? पहिलटकरणीला आईजवळ आणायचं सोडून?"

"आईजवळच ठेवून आलेय," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून घराकडे चालायला लागले.