डिस्कवरची रिकामी जागा

गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ, पण उमेंद्र बिसेनसारखा हट्टी एकच. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे त्याची दोन वर्षांची खटपट मी रोज पाहिली. त्याने लिनक्सची एक डिस्क बनवली आणि तिचं नाव ठेवलं ‘कंदील’. बिघडलेल्या मशीनमध्ये ती टाकली की मशीन तिच्यावरच सुरू होई आणि पुसलेल्या फाइली शोधून देई. मराठीत मोठमोठी बटणं. खेड्यातल्या दुकानदाराला जमावं, भंगारातल्या मशीनवरही चालावं, हा एकच ध्यास. मी त्याची टर उडवायचो.

मार्चमध्ये सालेकशाकडची मंगलीबाई कुंभरे पदरात गुंडाळलेला जुना लॅपटॉप घेऊन आली. तिचा मुलगा रूपेश सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला होता. शेवटच्या दिवसांत त्याने तिच्यासाठी काहीतरी बोलून लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं, ‘मी गेल्यावर आयकजो’ म्हणून. पण मेलेल्याचं सामान घरात ठेवायचं नाही, म्हणून दहाव्याला त्याचे कपडे, अंथरूण सगळं बाहेर निघालं. त्याच दिवशी बहीण प्रियाने लॅपटॉपमधल्या त्याच्या फाइलीही पुसल्या. तिला वाटलं, हेही सामानच.

“दोन महिने झाले, पोरीसंगं बोलली नाही मी,” मंगलीबाई म्हणाली. “तिनं माह्या पोराले दुसऱ्यांदा मारलं.”

“काऊन घाबरता, माय?” उमेंद्र म्हणाला. “पुसलं म्हणजे संपलं नाही. जागा फक्त रिकामी दिसते. वरून काही लिहिलं नसन तं निघते.”

प्रियाने त्यानंतर लॅपटॉप उघडलाच नव्हता. म्हणजे आवाज जागेवरच होता.

उमेंद्रने कंदील लावला. आधी मशीनच्या पूर्ण डिस्कची नक्कल काढायची, मग नकलेत शोधायचं, हा नियम त्याने इतक्यांदा ऐकवला होता की मलाही पाठ होता. त्याने तसंच केलं. दोन तासांनी रूपेशचे फोटो निघाले, कॉलेजचे अर्ज निघाले. आवाजाची फाइलही निघाली. लावली, तर नुसती खरखर.

उमेंद्र बराच वेळ स्क्रीनवरच्या नोंदी वाचत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. मेमरी कमी असलेल्या मशीनसाठी त्यानेच एक सोय केली होती. मेमरी कमी पडली की कंदील सुरू होतानाच मशीनच्या डिस्कवरच्या रिकाम्या जागेत आपलं तात्पुरतं सामान लिहून ठेवायचा. नक्कल काढायच्या आधीच ते सामान रूपेशच्या आवाजावर जाऊन बसलं होतं. मला कंदीलच्या त्या डिस्कचा असा राग आला की ती मोडून टाकावीशी वाटली.

मी उमेंद्रला बाजूला ओढलं. “पोरीनंच पुसलं म्हणून सांग ना. बाईले तेच माहीत आहे.” या वाक्याची मला आजही लाज वाटते.

त्याने माझा हात सोडवला आणि मंगलीबाईसमोर जाऊन उभा राहिला.

“माय, आवाज होता. पोरीच्या हातून गेला नव्हता. माह्या हातून गेला, आत्ता.”

तिने लॅपटॉपवर हात ठेवला.

“म्हणजे पोरीनं नाही?”

“नाही.”

“तं चाल. तिच्यासमोर हेच सांग. माह्या तोंडून नाही निघत.”

उमेंद्रने शटर ओढलं आणि दुपारच्या गाडीने तिच्यासोबत गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय झालं. तो तुटलेल्या कीबोर्डचे स्क्रू काढत होता, मान वर केली नाही.

“मायनं वाढलं,” तो म्हणाला. “पोरगी जेवली.”