रांगोळीच्या नकाशातली विहीर

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज अमडापूरजवळच्या आमच्या गावात पाणलोटाच्या कामांची आखणी होती. ग्रामपंचायतीपुढं सगळ्यांनी मिळून रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. नाले, बांध, विहिरी, सगळं त्यात आलं.

माझी म्हातारी आत्या उठली आणि आमच्या बौद्धवाड्याखाली, नाल्याकाठी तिनं एक गोल काढला.

आराखडा करायला आलेले साहेब म्हणाले, "आजी, इथं तर विहीर नाही."

"हाय ना. महाराष्ट्र नवा नवा झाला तवा माह्या बापानं खोदली. आमी गावाची मेलेली ढोरं ओढनं सोडलं, त गावानं मेला बैल तिच्यात टाकला. मंग वरून दगडमाती लोटली. आमचं पानी अजून खालीच हाय."

मग मागून एक जण म्हणाला, "जुनं काऊन उकरून राह्यली वं बाई?" आणि पुढं येऊन त्यानं चपलेच्या पायानं गोल पुसला. कोणी अडवलं नाही.

साहेबांनी तसाच फोटो काढला. आता त्यावरूनच आराखडा होणार.

तोच फोटो खाली टाकलाय. नाल्याकाठी नीट बघा, आमच्या विहिरीच्या जागी चपलेचा ठसा आहे.

तुमच्या गावच्या नकाशात तो कुठं आहे?