दोन हिसके

आमच्या धाकट्याला सगळे पाकोळी म्हणतात. हे नाव मी ठेवलंय, दुसऱ्या कुणी सांगितलं तर खोटं समजा. लहानपणी तो पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायचा आणि आई खालून शिव्या घालायची. चढायला शिकवलं तेही मीच. पुढं तो उंच इमारतींच्या काचा पुसायला लागला. दोरावरून असा सरसर सरकायचा, की आतले लोक काम टाकून बघत बसायचे. मी सातवी पास, खिडक्यांचे ग्रिल वेल्ड करतो. पण असा भाऊ दुसऱ्या कुणाला नाही, हे छातीठोक सांगतो.

त्या कामात एक रीत आहे. गच्चीवर एक जण दोर धरून असतो. कठड्याबाहेर गेलेल्यानं कठडा लगेच सोडायचा नाही. वरच्यानं दोराला दोन हिसके द्यायचे, मगच सोडायचा. दोन हिसके म्हणजे, मी आहे, तू जा. तेवढ्या भरवशावर माणूस जीव हवाली करतो.

त्यांच्या मुकादमानं त्या भरवशाचीच गंमत केली. एकदा तो स्वतः वर उभा होता. हिसके दिले, पाकोळीनं कठडा सोडला, आणि यानं मुद्दाम हातभर दोर ढिला केला. पाकोळी धाडकन खाली गेला आणि लोंबत राहिला. त्याची पँट ओली झाली. वर ओढल्यावर मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "पाकोळीचे पंख भिजले रे." सगळे खो खो हसले.

त्या दिवसापासून पाकोळी स्टुलावरसुद्धा चढेना. घरातला बल्ब त्याची बायको बदलायची. मुकादमानं त्याला खाली बादल्या भरायला लावलं आणि येता-जाता विचारायचा, "काय पाकोळी, बादली फार उंच नाही ना?"

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "जाऊन त्याचे हात मोडतो."

पाकोळी म्हणाला, "दादा, तो तुझा वचपा झाला. मला माझा काढायचाय. पण त्यासाठी गच्चीवर पाय ठेवता आला पाहिजे."

मग मीच शोध लावला. एका बाईंच्या खिडक्यांचं काम केलं होतं. त्या संमोहन करून लोकांची भीती घालवतात. आम्ही गेलो. पाकोळीला आरामखुर्चीत बसवलं, मला मागं स्टुलावर. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. तुम्ही एक जिना उतरताय, एकेक पायरी खाली..."

पाकोळी ताडकन उठून बसला. "बाई, जिना नको."

त्यांना काही कळेना. मी म्हणालो, "बाई, उंचीला भ्यालेल्याला जिना उतरवताय? त्याला दोर द्या." मग मीच पडद्याची दोरी सोडवून त्याच्या मनगटाला बांधली. दुसरं टोक माझ्या हातात. दोन हिसके दिले. त्याचे खांदे सैल पडले, मान कलली. बाईसुद्धा माझ्याकडं बघत राहिल्या.

त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"वर दोरावर हात आहे. अंगठीवाला. मुकादमाचा."

"तो हात काढून टाका. तिथं कुणाचा हात हवाय?"

मी सरसावून बसलो. आता माझंच नाव येणार.

"माझा," पाकोळी म्हणाला.

मला जरा लागलं. पण म्हटलं, त्याचा हात घडवला कुणी?

पुढच्या खेपांना दोरी त्याच्याच दुसऱ्या हातात दिली. आधी स्टूल, मग माळा, मग आमची गच्ची. प्रत्येक वेळी स्वतःच दोन हिसके द्यायचा आणि चढायचा. घाम यायचा, पण उतरायचा नाही. मग मुकादमाकडं जाऊन म्हणाला, "काचेवर नको, मला वर दोर धरायला उभं करा." मुकादम हसून म्हणाला, "धर, पण पँट सांभाळ."

एके दिवशी इमारतीचे मालक बघायला आले. त्यांच्यापुढं मिरवायला मुकादम स्वतःच दोर बांधून कठड्याबाहेर गेला. मी तिथंच दोराचा हूक वेल्ड करत होतो. मी पाकोळीला खूण केली, सोड हातभर. त्यानं नाही म्हणून मान हलवली. दोर पक्का धरला होता.

"दे हिसके," मुकादम म्हणाला.

पाकोळीनं दिले नाहीत.

"अरे, दे ना."

"दोर घट्ट आहे. जा की."

"हिसके दे आधी."

"हिसके तुम्ही त्या दिवशीही दिले होते, मुकादम."

मुकादमाचा चेहरा पांढरा पडला. कठड्याला घोरपडीसारखा चिकटला. मालक म्हणाले, "काय झालं, जात का नाही?" शेवटी मुकादम पोटावर सरपटत आत आला आणि मालकांच्या बुटांपाशी बसला.

पाकोळीनं त्याच्या कमरेचा दोर सोडून स्वतःला बांधला. वरचा दोर माझ्या हातात दिला आणि कठड्याबाहेर गेला. मी हिसके देणार, तोच त्यानं स्वतःच्या हातानं दिले, दोन, आणि कठडा सोडला.

मुकादमाला मालकांनी खाली उतरवलं, आता तो बादल्या भरतो. परवा मीच त्याला विचारलं, बादली फार उंच नाही ना? पाकोळी म्हणाला, "दादा, ते मी विचारायचं." आणि रोज विचारतो.