गिटारचं तिसरं बटण

"कान कोनाचा?"

दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकापुढे ठेवला, की आमचे चाचा हे विचारायचे. गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "माझा." "मंग तुमीच सांगा, बरा वाजते का," म्हणून चाचा खाली मान घालून पुढचं यंत्र उघडायला घ्यायचे. देऊळगाव राजाच्या बसस्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. असा एखादा तिरकस कारागीर तुम्हीही पाहिला असेल. त्याचा तिरकसपणा आपण त्याच्या हुशारीतच धरतो. मीही तेच केलं.

मी शाळेत शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागात, दोन कॉइल आहेत, तारेची दोन वेटोळी. दोन्ही चालू असल्या की आवाज जाड, भरदार. एक बंद केली की पातळ, टणटणीत. आमच्या गायिकेचा गळा नाजूक. जाड आवाजात ती बुडून जायची आणि एकदम पातळ केला तर गाणंच ओकंबोकं वाटायचं. मला मधल्या सगळ्या पायऱ्या हव्या होत्या, व्हॉल्यूम आणि टोनच्या शेजारी एका तिसऱ्या बटणावर. साखरखेर्ड्याचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. गायिकेने बजावलं होतं, "सर, यावेळी माझं गाणं लोकांले ऐकू नाही आलं, तर मी पुन्हा येत नाही."

बटणाखाली आवाज कमीजास्त करणारा जो भाग असतो, तो पॉट. इथे त्यातून एका कॉइलचा आवाज गळून जाणार होता; पॉटवरचा आकडा मोठा, तितका त्या गळतीला अडथळा जास्त. मी इंटरनेटवर वाचून पाचशे केचा, म्हणजे पाचशे हजार ओहमचा, मागवला आणि गिटारमध्ये सगळे तसलेच असतात, असं शहाणपणही चाचांना शिकवलं. चाचांनी तो उलटसुलट करून पाहिला. "आकडा लय मोठा हाय. पन लावू. तुमची हौस."

पॉट लावून त्यांनी बटणाखाली कागदाची गोल चकती बसवली आणि पेन्सिल घेतली.

"डोये मिटा मास्तर. तार छेडत राहा. मी फिरवतो. आवाज बदलला का बोट वर करा."

बराच वेळ काहीच बदलेना. अगदी शेवटी, केसभर फिरताच, सगळा आवाज धपकन पातळ. डोळे उघडले तर चकतीवरच्या साऱ्या खुणा एका कोपऱ्यात मुंग्यांसारख्या गोळा झालेल्या.

"पाह्यलं? सारं बटन रिकामं. काम कोपऱ्यात."

मग त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून जुन्या रेडिओतला पाच केचा काढला. खुणा छान पसरल्या, पण आवाज काही केल्या पूर्ण जाड होईना. मी म्हणालो, "चालते चाचा, भागते एवढ्यानं." ते भडकलेच.

"भागते काऊन? अर्धं काम घेऊन मांडवात जाता?"

शाळा सुटली की मी रोज तिथे. रोज नवा पॉट, नवी चकती, माझं बोट. एकदा वैतागून म्हणालो, "तुमीच ऐका ना एकदा." ते हसले. "गिटार कोनाची? मंग कान कोनाचा?"

त्याच आठवड्यात मी गिटार स्पीकरच्या फार जवळ नेली आणि कर्कश शिट्टी सुटली. बाकावरच्या गिऱ्हाइकाने कानात बोटं घातली. रस्त्यापलीकडचा चहावाला ओरडला. चाचा शांतपणे वायर जोडत होते.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय ते समजले.

"वरचं गेलं, मास्तर. जाड ऐकू येते, पातय नाई. कोनाले सांगू नका. रेडिओवाला बहिरा म्हनल्यावर कोन येईन?" मग गिटारवर हात ठेवून म्हणाले, "दुसरीकडं न्यायची तर न्या. पन हे काम मले करू द्या."

मला फार वाईट वाटलं. जो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, त्याच्यासाठी हा माणूस रोज माझं बोट बघून खुणा करत होता.

"कुठं नेऊ? कान तर माझाच हाय," मी म्हणालो.

शेवटी बावीस केचा जमला. खुणा सारख्या पसरल्या. शेवटचा जाडपणा तेवढा कमी पडत होता. चाचांनी पॉट उघडला आणि आतल्या काळ्या पट्टीचं टोक ब्लेडने खरवडलं. बटण तिथे पोचलं की गळतीची जोडणीच सुटायची आणि दोन्ही कॉइल मोकळ्या वाजायच्या. पहिला पॉट जास्त खरवडून वाया गेला. त्यांनी दुसरा उघडला.

साखरखेर्ड्याला चाचा न बोलावता आले आणि स्पीकरच्या खोक्याला तळहात लावून बसले. पातळ बाजूला गिटार न वाजवताही खालच्या सुरात गुणगुणते. दोन्ही कॉइल पुऱ्या लागल्या की ती गुणगुण थांबते. गाण्याआधी मी तारेला हात न लावता बटण हळूहळू टोकाला नेलं. ते टोकाला टेकलं, त्याच क्षणी मांडवातून चाचांनी बोट वर केलं. मग बटण मध्यावर आणून वाजवायला लागलो. त्या दिवशी गायिकेचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

चाचा गेले. दुकान बंद आहे. त्यांचं गुपित मी आज पहिल्यांदा सांगतोय. आता गिऱ्हाईक तुटायची भीती नाही.

अजूनही कार्यक्रमाआधी बटण टोकाला टेकलं, की माझं बोट आपोआप वर होतं. गायिकेला वाटतं, मी तिलाच खूण केली. ती गायला लागते.