माझ्या नावावरचा उजेड

नार्व्याची सुशीलाबाय गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या दवाखान्यात झाडलोट करायला आली आणि एक्स-रे काढताना रडणारी पोरं धरायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. गळ्यात घातलं कोणी? मीच. मी शांताराम, एक्स-रे काढणारा. बटण दाबताना मी भिंतीआड, ती पोराला छातीशी धरून यंत्रापुढे. किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन आतल्या खोलीत असे. तो उचलून आणायचा मला कंटाळा.

माझ्या पांढऱ्या कोटाला एक बिल्ला होता. त्यातल्या चकत्यांत फॉस्फर नावाची भुकटी. अंगावर पडलेले किरण ती धरून ठेवते. दर तीन महिन्यांनी बिल्ला मुंबईला जायचा. तिथे चकती तापवली की उजळायची. जितके किरण, तितका उजेड. माझी कधी उजळली नाही. ही आपली हुशारी म्हणून मी चारचौघांत मिरवत असे.

गोवा राज्य झालं त्या वर्षी, पोरांच्या लाळेने तिचं लुगडं खराब होतं म्हणून मी मोठ्या मनाने माझा कोट तिला दिला. बिल्ला काढायचं भान राहिलं नाही. तीन महिन्यांनी पत्र आलं: शांताराम यांच्या अंगावर फार किरण पडलेत, त्यांना यंत्रापासून दूर ठेवा.

वाचताक्षणी मला सगळं कळलं. तरी नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी भरपगारी रजा दिली, ती निमूट घेतली. माझ्या जागी दुसरा आला. पोरं धरायला तीच.

आठवड्याने ती नाचण्याची पातळ पेज, आमचं तिजण, घेऊन माझ्या घरी आली. "शांतारामबाब, आमच्या भुरग्यांपायीं तुमका हें भोगचें पडलें," म्हणत पोरांपायी आजारी पडलेल्या माझ्यासाठी डोळे पुसू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिजण मात्र प्यायलो.

रुजू झालो त्या दिवशी नवा बिल्ला मी तिच्या पदराला लावला. तिला वाटलं, किरण मोजणारा बिल्ला ते अडवतो.

"माका कित्याक? हांव घट आसां. दुयेंत तुमी." ती धडधाकट, आजारी मी, म्हणून तिने तो काढून माझ्याच खिशाला लावला.

मी धावत एप्रन आणला, तिच्या अंगावर चढवला. तेव्हापासून रोज चढवतो. ती सगळ्यांना कौतुकाने सांगते, दुखण्यातून उठल्यापासून शांतारामबाब किती माणसात आले. ते दुखणं कोणाचं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.